रेनकोट घातलेलं लिव्हर

मित्रांनो, माझ्या भांड्याचं झाकण मूळचं नाही, मोटर दोनदा दुरुस्त झालेली आहे आणि मला सुरू केलं की शेजारचं बाळ दचकून रडतं. मी किती जुना मिक्सर आहे हे यावरून ओळखा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. या घरातल्या आईने मला ओट्यावर ठेवलं आणि "किती गुणी आहे!" म्हणत माझी पाठ पुसली. टोमॅटो, मिरच्या, आजाऱ्याचं पातळ जेवण, सगळं मी निमूटपणे वाटलं. एवढं कौतुक घरातल्या ताईचंही झालं नाही. ती बिचारी शिकून लॅबमध्ये लागली.

बाबा रोज पीत. आधी चोरून, मग कंटाळून उघडपणे. डॉक्टरांनी सांगितलं, "लिव्हरला सूज आहे, दारू बंद."

त्याच आठवड्यात ताई जेवताना आनंदाने म्हणाली, "आमच्या लॅबमधल्या उंदरांना आधी एका कडू पाल्याचा अर्क दिला आणि मग दारू पाजली, तर लिव्हर कमी खराब झालं!"

बाबांनी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत त्याच पाल्याच्या बारा कुंड्या आल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पाला वाटू लागलो. बाबा आधी हिरवा पेला रिकामा करत आणि मग बाटली उघडत.

"आता लिव्हरने रेनकोट घातलाय," ते आईला सांगत. "भिजलं तरी हरकत नाही."

रेनकोटच्या भरवशावर पाऊस वाढत गेला. पूर्वी अर्ध्या बाटलीवर लाजणारे बाबा आता पूर्ण बाटली अभ्यासासारखी संपवत.

ताईने एकदा माझी पिनच उपटली. "बाबा, उंदरांना आम्ही जबरदस्तीने पाजतो हो. त्यांना सोडायची सोय नाही. तुम्हाला आहे."

"पण उंदीर बरे आहेत ना?"

"लिव्हर बघायला त्यांना मारावं लागतं."

बाबांनी विचार केला. "म्हणजे तब्येत चांगली असतानाच गेले."

आई हसली नाही. बाबांनी पिन परत लावली.

पुढे त्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. हात इतके थरथरत की झाकण नीट बसेना आणि निम्मा पाला छतावर उडे. त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाल्यात गुण असेलही. पण रोजच्या बाटलीपुढे त्याचं काय चालणार?" बाबा परत आले नाहीत.

आता मला कोणी फारसं विचारत नाही. माझ्या पात्यांवर हिरवा डाग आहे, तो घासूनही जात नाही. आई मात्र कुंड्यांना पाणी घालते. पाला माजलाय नुसता.

परवा शेजारीण आली. "वहिनी, मूठभर पाला द्याल? आमच्या ह्यांनाही सुरू करावा म्हणते."

"देते की," आई म्हणाली. "आधी त्यांची बाटली इथे आणून दे."

शेजारीण हसली. आई हसत नाही हे पाहून थांबली आणि तशीच घरी गेली.

मित्रांनो, माझी मोटर जळली तर बाजारात दुसरी मिळते, लिव्हर मिळत नाही. तुमच्या घरात कोणी रेनकोट शोधत असेल, तर त्याला एवढं सांगा. आईने मला पुसून, पिन लावून ठेवलंय. शेजारीण अजून आलेली नाही.