सातव्या प्रश्नाचा निकाल

रविवारची सकाळ होती. कमलाकांतच्या अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते आणि ओट्यावर त्याची मुलगी वत्सला पट्टीने रेघा मारत होती. त्या साली, म्हणजे १९८६ साली, पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला एक छोटं संशोधन करून द्यायचं होतं. "विषय असा निवडा, की तिथवर चालत जाता येईल," असं रामनाथ सर म्हणाले होते. निम्म्या वर्गाने हुंडा घेतला. म्हणजे विषय म्हणून. वत्सलाने आपल्याच वाडीतल्या अंधश्रद्धा घेतल्या. दांडी गावाच्या अलीकडची ही मच्छीमारांची वाडी तिच्या घरापासून शून्य पावलांवर होती.

तिने बारा प्रश्न काढले. सातवा, करणी करणाऱ्या बाईबद्दलचा, होता : 'तुमच्या मते वाडीत भुताळी कोण आहे?' सरांनी त्यातला एक स्वल्पविराम काढून प्रश्न मंजूर केला.

चाळीस घरं तिने तीन आठवड्यांत केली. दर घरी आधी सांगे, "तुमचं नाव कुठं येनार नाय." मग लोक चहा देत आणि मोकळेपणाने बोलत. एकतीस घरांनी टेकाडावरच्या सोजराबाईचं नाव घेतलं. साडेसत्त्याहत्तर टक्के. एवढं ठळक उत्तर वर्गात कुणाकडेच नव्हतं. वत्सलाने त्याखाली लाल पेन्सिलने दोन रेघा ओढल्या आणि तिला बरं वाटलं.

तेवढ्यात पुंडलिक पाटील फाटकातून आत आला. वाडीचा कारभार तोच पाही.

"काय गो वत्सला, निकाल कधी हाय?"

"परीक्षा एप्रिलात हाय, काका. मग निकाल जूनमधी."

"कालेजचा नाय गो. तुज्या वहीतला." पुंडलिक ओट्यावर टेकला. "दोन महिने जाले, जाळ्यात मासा नाय. पोरं रोज एकमेकांवर ओरडतात, ही हाय, ती हाय. मी बोललो, भांडू नका. आपली पोरगी कालेजच्या पद्धतीनं घरोघर ईचारून ऱ्हायलीय. जे निगंल ते मानायचं. चार वाजता देवळापुढं वही घेऊन ये."

वत्सलाच्या हातातली पट्टी खाली पडली.

खाडीचं पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने गेल्या वर्षापासून आठवड्यात तीन रंग बदलत होतं आणि मेलेले बोईट मासे पोट वर करून काठाला लागत होते. पण रंगाला घरातून बाहेर काढता येत नाही. सोजराबाईला येत होतं. ती विधवा होती, एकटी होती, आणि तिचे बोंबील इतरांच्या आधी वाळत. तिची दोरी टेकाडावर होती आणि तिथे वारा जास्त लागे, हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. वत्सलाच्या बारा प्रश्नांत वाऱ्याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका बाईला वाडीबाहेर काढलं होतं. ती माहेरी गेली, असं सगळे सांगत. तिला माहेर नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पुंडलिक गेला. वत्सला वही घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पानं फाडून चुलीत घालू लागली. वर भात शिजत होता. कमलाकांत हातातलं जाळं टाकून धावत आला.

"अगो, वर्ष जाईल तुजं!"

"जाऊ दे."

"तीन आठवडे फिरलीस ती!"

"बाबा, तुमी सातव्या प्रश्नाला काय सांगितलंत?"

कमलाकांतने चुलीवरच्या भाताचं झाकण सरकवलं. त्याने काय सांगितलं ते तिनेच लिहून घेतलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात. तो म्हणाला, "समद्यांनी सांगितलं म्हनून मी पन."

"समद्यांनी असंच सांगितलंय, बाबा."

चार वाजता देवळापुढे एवढी गर्दी होती, की चणेवालाही पाटी घेऊन बसला होता.

"वही कुठं हाय?" पुंडलिकाने विचारलं.

"जाळली."

"जाळली तं जाळली. आकडा तुज्या डोक्यात असंलच की. सांग."

खरी भीती हीच होती. डोकं चुलीत घालता येत नव्हतं. वत्सला खाली बसली. "मी नाव घ्यायची नाय. मी ईचारलं तेच चुकलं. भुताळी हाय का, असं मी ईचारलंच नाय. कोन हाय, असं ईचारलं. मग तुमी कुनाचं तरी नाव घेनारच."

"म्हंजे आमी खोटं बोललो?" मागून कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "झाकते कशाला? हिचंच नाव आलं असंल!"

त्यावर दोघं हसले. बाकीचे हसले नाहीत. ते विचार करू लागले, आणि हसण्यापेक्षा ते वाईट होतं.

कमलाकांत उठला. "पुंडलिक, मी माजं मत परत घेतो."

"असं परत घेता येतं काय?" पुंडलिक गोंधळला. कॉलेजच्या पद्धतीत हे बसतं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने वाट पाहिली. दुसरं कुणी उठलं नाही. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या रईवारी बसू. तवा वहीबिही काय नको. भुताळी कोन ते हात वर करून ठरवू."

वत्सला तिथून थेट टेकाडावर गेली. सोजराबाई बोंबील उतरवत होती. वत्सलाने उभ्यानेच सगळं सांगितलं : प्रश्न, चाळीस घरं, चूल, पुढचा रविवार.

सोजराबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "चाळीस घरं केलीस. माज्याकडं का नाय आलीस गो?"

वत्सला तिच्याबरोबर दोरीवरचे बोंबील उतरवू लागली.

"किती जनांनी माजं नाव घेतलं?"

वत्सला गप्प.

"गप ऱ्हायलीस, म्हंजे जास्तीच असतील." सोजराबाईने पाटी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. "एवढी मानसं सांगतात तं... मना म्हाईत नसंल, पन मी असंन काय गो? तू शिकलेली हायेस. तुजी पद्धत काय सांगते?"

वत्सलाला देवळापुढेही एवढी भीती वाटली नव्हती. तिने म्हातारीचा हात घट्ट धरला. "नाय, मावशी. तुमी नाय. कुनीच नसतं."

"बोलून काय उपेग? ते तुज्या कागदालाच मानतात. तसं लिवून दे."

सोजराबाईने सुकी मासळी गुंडाळायचा एक कागद आणून दिला. वत्सलाने गुडघ्यावर ठेवून लिहिलं : 'सोजराबाई भुताळी नाही. भुताळी कुणीच नसते. मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता.' खाली तिने बापाचं नाव आणि आडनाव धरून स्वतःचं पूर्ण नाव घातलं. कागद चुरगळलेला असल्यामुळे अक्षर वाकडं आलं.

उद्यापासून हा कागद घेऊन तिला पुन्हा चाळीस घरं करायची होती. हात वर व्हायला सात दिवस होते, आणि या खेपेला चहा कुणी देणार नव्हतं.