बरगडीआडची वाट

माझा दादा सर्जन आणि मी सोनोग्राफीवाली. दोघं एकाच हॉस्पिटलात, त्यामुळे घरातलं भांडण कामावरही येतं.

त्या सकाळी त्याने शिवणकाम करणारी एक तरुण बाई माझ्याकडे पाठवली. डाव्या स्तनात गाठ, मॅमोग्राफीत कडा वेड्यावाकड्या, सुईच्या तपासणीत नुसत्या मेलेल्या पेशी, म्हणजे धड निदान नाहीच. दादाच्या मते कॅन्सरच, थांबण्यात अर्थ नव्हता. उद्या स्तन काढायचा होता. माझ्याकडून हवं होतं फक्त गाठीचं माप.

आमच्यात एक रीतच पडली आहे. स्तन संपला की हात थांबतो, बरगड्या दुसऱ्या कुणीतरी बघाव्यात. मीही थांबणार होते, पण गाठीच्या तळाशी एक काळी रेघ दिसली आणि अर्धवट गोष्ट मला सहन होत नाही. हातातला सोनोग्राफीचा प्रोब पुढे सरकवला. रेघ दोन बरगड्यांमधून आत शिरली आणि मागे पूने भरलेल्या पोकळीला जाऊन मिळाली. हलकेच दाबलं, तर पू आतबाहेर करू लागला. कॅन्सर सहसा असा बोगदा खणत नाही, टीबी खणतो!

दादाला फोन केला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून त्याने मला उडवून लावलं. मी म्हटलं, वर बसून शहाणपण सांगू नकोस, खाली ये. तोंड वाकडं करत आला, पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसला. दादा बसला म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

"सुई घाल," तो म्हणाला. "पण टीबी निघाला नाही, तर उद्याचं ऑपरेशन होणार."

पडद्यावर बघत सुई घातली, घट्ट पिवळा पू आला, तो लॅबला गेला. मग मी इतके फोन केले की लॅबवाल्यांनी उचलणंच बंद केलं. संध्याकाळी दादाच धापा टाकत आला.

"टीबीच आहे. जिंकलीस, बाई."

मी आनंदाने टाळ्या पिटल्या.

बाहेर बाकावर ती बाई आपल्या सासूबाईंशेजारी बसली होती. काही महिने गोळ्या घ्यायच्या, स्तन काढायचा नाही, असं मी सांगितलं. तिला खरं वाटेना. तिने दादाकडे बघितलं, त्याने मान डोलावली. मग तिने पिशवीतून एक नवा ब्लाउज काढला. ऑपरेशननंतर घालायला शिवलेला, डाव्या बाजूला आतून कापूस भरलेला. दातांनी धागा तोडून ती तिथेच शिवण उसवू लागली.

"घरी जाऊन उसव की गं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आत्ताच."

कापूस बाहेर येऊ लागला. सासूबाईंनी ओंजळ पुढे केली.