निवडलेले छर्रे

"श्वास सोडा मामा. पिस्तूल शिकंज्यात आहे, तुमच्या हातात नाही."

मेकॅनिकने शिकंज्याचा दांडा आणखी अर्धा आटा फिरवला. क्लबच्या दहा मीटरच्या रेंजवर त्या दुपारी दोघांशिवाय कुणी नव्हतं. टेबलाला घट्ट जखडलेलं एअर पिस्तूल, त्याच्या मागे वाकलेला मेकॅनिक आणि बाजूला, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मामा.

मामांना क्लबात सगळेच मामा म्हणत. खरी भाची एकच, चाळिशीची, शाळेत चित्रकला शिकवणारी. तिला पिस्तूल नेमबाजीचा नाद लागला तेव्हा मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान जोरात होतं. तिच्यासाठी म्हणून ते छर्रे निवडायला लागले आणि हळूहळू साऱ्या क्लबाचे छर्रे मागवून वाटायचं काम त्यांच्याकडे आलं. निवडायचे मात्र फक्त भाचीचे. डब्यातले पाचशे छर्रे हिरव्या कापडावर ओतायचे, एकेक भिंगाखाली पाहायचा, काचेवरून घरंगळू द्यायचा. डगमगला तो बाद. उरला तो घड्याळजीच्या चिमट्याने अलगद उचलून ट्रेच्या भोकात उभा करायचा. पाचशेतले दोनशे टिकले तर चांगला डबा. पोरं त्यांना मागून चिमटेमामा म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती. भाचीने घरात सांगून टाकलं होतं की ही शेवटची. दोन वर्षं तिचे गुण घसरत होते. मागच्या निवडीत ती एका गुणाने बाहेर राहिली. तिच्या पिस्तुलाची मेकॅनिकने सर्व्हिसिंग केली होती. त्याच्यावर आज तो तीन मापांचे छर्रे चालवून पाहत होता. नळीला कुठलं माप मानवतं, हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिन्ही डबे मारून झाले. मधल्या मापाच्या पाच छर्ऱ्यांनी समोरच्या नेमाच्या कार्डाला मिळून एकच भोक पाडलं होतं, वाटाण्याने झाकावं एवढं.

"हे घ्या, ठरलं," मेकॅनिक म्हणाला. "डब्यातले जसेच्या तसे. न निवडता."

"न निवडता एवढं, तर निवडून बघ," मामा म्हणाले आणि त्यांनी उद्यासाठी भरलेला ट्रे पुढे सरकवला. "त्याच मापाचे आहेत. लाव पाच."

"आता आमची लाज काढणार तुम्ही."

पाच छर्रे गेले. मेकॅनिकने दोरी ओढून कार्ड जवळ आणलं आणि दिव्याखाली धरलं. भोक एक नव्हतं. तीन एकत्र, एक वर, एक लांब डावीकडे.

"शिकंजा हलला असेल," मामा म्हणाले.

मेकॅनिकने शिकंजा तपासला, नवं कार्ड लावलं, पुन्हा पाच. पुन्हा तसंच. मग मध्येच डब्यातले पाच मारले. वाटाणा. परत ट्रेमधले. मामा कार्डांकडे पाहत होते आणि कार्डं काय सांगतात ते त्यांना कळत होतं, तरी डोकं ते आत घ्यायला तयार नव्हतं.

मेकॅनिकने ट्रेमधला एक छर्रा तळहातावर घेतला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि छर्रा फिरवून फिरवून पाहिला.

"मामा, हा चेपलाय."

"कुठे?"

"मागे. घेराला. दोन्ही बाजूंनी."

मामांनी पाहिलं. शिसं मऊ, आणि छर्ऱ्याचा मागचा घेर तर कागदासारखा पातळ. त्याच्यावर समोरासमोर दोन बारीक खड्डे होते. दुसरा घेतला. दोन खड्डे. तिसरा. मग त्यांनी खिशातून चिमटा काढला, नव्या डब्यातला एक छर्रा नेहमीसारखा घेराशी धरून उचलला आणि स्वतःच भिंगाखाली धरला.

दोन खड्डे.

"हात थरथरतो माझा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. पडू नये म्हणून जरा दाबून धरतो."

थरथर सुरू झाली म्हणूनच दुकान बंद केलं होतं. घड्याळाला तो हात लावणं पाप होतं. छर्रा काय, शिशाचा मणी, त्याला काय होतंय, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटल्याचं त्यांना आठवलं. भिंगाखाली पाहायचे ते उचलण्याआधी. उचलल्यावर पुन्हा पाहायचं, हे कधी सुचलंच नाही.

मेकॅनिक हत्यारं पेटीत टाकत म्हणाला, "हे बघा, आज तिला काही बोलू नका. सीलबंद डबा हातात द्या, म्हणा हाच चांगला निघाला. खोटंही नाही ते. निम्मी मॅच डोक्यात असते. निवड झाली की सांगा. नाहीतर नकाच सांगू, कोण विचारतंय?"

"ती विचारते," मामा म्हणाले. "दर मॅचला विचारते, कसे आहेत."

"मग म्हणा, झकास."

मामा निघाले ते तडक शाळेवर. वाटेत एका सायकलवाल्याने त्यांना "आजोबा, मरायचंय का?" असं विचारलं, तेव्हा आपण रस्त्याच्या मधोमध चालतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

शाळा सुटली होती. चित्रकलेच्या वर्गात भाची बेसिनपाशी रंगाच्या वाट्या धूत होती.

"मामा? तू इकडे कसा? उद्याचे द्यायला आलास? क्लबात दिले असतेस की."

"मास्तरीणबाई, जरा बस."

"ओले हात आहेत. बोल."

त्यांनी सांगितलं. रस्त्यात जुळवलेलं सगळं विसरलं, तेव्हा सरळच सांगितलं. शिकंजा, कार्डं, घेर, चिमटा, हात. खिशातून कागदाच्या पुडीत बांधलेले दोन छर्रे काढून त्यांनी टेबलावर ठेवले. तिने ते पाहिले नाहीत. ती आधी हसली.

"काहीतरीच काय."

"पाच कार्डं मारून बघितली."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला आणि पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसली, गुडघे छातीशी येतील अशी.

"मागच्या निवडीला?"

"ट्रेमधलेच."

"आणि त्याआधीच्या?"

मामांनी हो म्हणून मान हलवली.

"मी तीनदा डोळे तपासले मामा. डॉक्टर म्हणाला, बाई, डोळे उत्तम आहेत, मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. उभं राहायची पद्धत बदलली. चहा सोडला." ती थांबली. "नवरा घोरतो म्हणून माझी झोप होत नाही, म्हणून नेम चुकतो, असं ठरवून मी ह्याला बाहेरच्या खोलीत झोपायला घातलं. दोन वर्षं तो दिवाणावर झोपतोय. त्याला काय सांगू आता? तुझा काही दोष नव्हता, मामाचा चिमटा होता?"

ते हसण्यासारखं होतं. दोघंही हसले नाहीत.

"डब्यातले मारले असते तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "आज कशाला सांगितलंस? उद्या संध्याकाळी नसतं सांगता आलं?"

"उद्या तू विचारलं असतंस, कसे आहेत. मला खोटं बोलता आलं नसतं. आणि खोटं बोलता आलं असतं, तर त्याचीच जास्त भीती वाटली."

ती पायाशी वाळलेला निळा ठिपका बुटाने खरवडत राहिली.

"तू जा आता," ती शेवटी म्हणाली. "मला वाट्या धुवायच्यात."

सकाळी मामांनी मधल्या मापाचे तीन सीलबंद डबे काउंटरवर ठेवले आणि ते प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते कधी तिथे बसले नव्हते. त्यांची जागा भाचीच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, ट्रे घेऊन. ती आली. एक डबा उचलला, नखाने चिकटपट्टी फोडली, त्यांच्याकडे न पाहता आपल्या टेबलापाशी गेली. काही विचारलं नाही.

साठ छर्रे, दहा-दहाच्या सहा फेऱ्या. पहिल्या फेरीचा आकडा फळ्यावर लिहिला गेला, शहाण्णव. दुसरा सत्त्याण्णव. दोन वर्षांत ती चौऱ्याण्णवच्या वर गेली नव्हती. बाकावर कुजबुज सुरू झाली. तिसरी फेरी, पुन्हा सत्त्याण्णव.

मामांना आनंद होत होता, हे कबूल करायला हवं. पण प्रत्येक दहाचा गुण कानावर पडला की त्याच्या पाठोपाठ दुसराही एक हिशेब पडत होता. हे तिचं होतं. सगळा वेळ हे तिच्या हातात होतं.

चौथ्या फेरीत क्लबचे सेक्रेटरी येऊन शेजारी टेकले. ते हळू बोलत, पण त्यांचं हळू बोलणं भिंतीपर्यंत ऐकू जाई.

"काय मामा. असले छर्रे इतके दिवस लपवून ठेवले होतेत होय? मानलं तुमच्या चिमट्याला."

दोघातिघांनी माना वळवून मामांकडे कौतुकाने पाहिलं. नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. मामा उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून ते सांगता येईना.

"आजच्यांना मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "मी निवडलेले ती गेली दोन वर्षं मारत होती. माझा हात कापतो. उचलताना चेपत होतो मी ते. एकूण एक. ती चुकत नव्हती."

सेक्रेटरी हे विनयाने बोलणं समजून हसायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. पुढे रेषेवर भाचीचा उचललेला हात खाली आला. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, तळवा पँटला पुसला. मागे वळली नाही. वेळ जात होता. मग तिने पुन्हा पिस्तूल उचललं.

मामा बसले. बाकावरची माणसं थोडी सरकली, उगीचच, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली. पाचव्या फेरीचा आकडा लागला, सहावीचा लागला. बेरीज निवडीत सहज बसणारी होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामा फळ्याकडे पाहत राहिले.

भाचीने पिस्तूल पेटीत ठेवलं, लोकांचे हात हातात घेतले, दोन शब्द बोलली. मग ती बाकाकडे आली आणि त्या मोकळ्या जागेत बसली. बाटलीचं झाकण काढून एका दमात अर्धी प्याली. तोंड पुसलं. उरलेली बाटली मामांच्या पुढे धरली.

मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली.