गुडघ्याच्या वाट्या

खुर्चीत बसलं की माणसाच्या गुडघ्यावर एक गोलसर उंचवटा दिसतो. तिच्या गुडघ्यांवर तो नव्हता. पँटचं कापड तिथं सपाट पडायचं. तिला जन्मापासून गुडघ्याच्या वाट्याच नव्हत्या.

वय एकोणतीस, उंची शाळकरी मुलीएवढी. औषधांच्या दुकानात ती काउंटरमागे फळीवर उभी राहायची. “बाळ, मोठं कोणी आहे का?” असं गिऱ्हाइकानं विचारलं की “मीच मोठी. चिठ्ठी द्या,” म्हणायची. पूर्वी तिला स्वतःलाही हसू यायचं. आता नुसताच हात पुढे व्हायचा.

आज ती आईबरोबर जनुकांच्या तपासणीचा निकाल ऐकायला आली होती. उंची वाढवायला पायांची हाडं कापून हळूहळू ताणायची, असं ऑपरेशन आईनं ठरवत आणलं होतं. सर्जनना उत्तर आजच हवं होतं. दोन वर्षं ती “बघू” एवढंच म्हणत आली होती.

“बघू बघू करत म्हातारी होशील,” आई येताना म्हणाली होती.

“बरंच की. मग तरी कोणी बाळ म्हणणार नाही.”

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला. “कारण सापडलं. एका प्रोटीनमध्ये दोष आहे.”

आई ताठ झाली. “प्रोटीन? अहो, दूध, अंडी, कशाला म्हणून कमी केलं नाही मी. माझ्या ताटातलं काढून दिलंय.”

“खाण्यातलं नव्हे हो. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी आतल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. ती सुरू करून देणारी प्रोटीनं पेशीतच असतात. हिच्यात ते काम रेंगाळतं. म्हणून वाढीच्या काळात पेशीच कमी तयार झाल्या; उंची खुंटली, गुडघ्याच्या वाट्याही झाल्या नाहीत.”

“पोटात असताना मी ओझी उचलली होती…”

“त्याचा काही संबंध नाही. दोष दोघांकडून आला, तुमच्याकडून आणि हिच्या वडिलांकडून. एकाच बाजूनं आलेला असला, की तो दिसत नाही. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं.”

आईनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसून आईनं फोन काढला. “सर्जनना हो म्हणून सांगते. निदान एवढं तरी होऊ दे माझ्या हातून.”

तिनं आईकडे पाहिलं. ऑपरेशन कुणाला हवं होतं, हे तिला फार आधीपासून माहीत होतं. तिनं फोनवर हात ठेवला.

“ऐकलंस ना, तुझं काही चुकलं नव्हतं. मग भरपाई कसली?”

“अगं, पण…”

“नको, आई. मी पाय लांब करून घेणार नाही. मी एवढीच राहणार आहे.”