पेट्रोल पंपावरची गोल बुडाची बादली

मित्रांनो, मला जमिनीवर ठेवून बघा. मी लगेच कलंडेन. माझं बूड गोल आहे, आणि ते चुकून तसं झालेलं नाही. पत्रा ठोकणाऱ्या कारागिरानं मला मुद्दाम तशी घडवली, म्हणजे कुणी मला घरी नेऊन धुण्याच्या पाण्याला जुंपू नये. पेट्रोल पंपावरच्या लोखंडी दांडीला टांगून राहायचं, पोटात कोरडी वाळू सांभाळायची आणि आग लागली की धावून जायचं, हे माझं व्रत. आता माझा लाल रंग उडाला आहे, पोटावरचा ‘आग’ हा शब्द पुसट झाला आहे. तरी मी भंगारात जायला तयार नाही. आणि जे काम माझं नाही, ते माझ्या गळ्यात बांधून घ्यायलाही तयार नाही. हे मी हळू आवाजात सांगते, पण सांगणारच.

पंपावर आम्ही चौघी बहिणी. आमची काळजी घ्यायचे तिथले सुपरवायझर. त्यांना सगळे काका म्हणत. पंप सुरू करण्याआधी काका आम्हाला एकेक करून खाली घ्यायचे, वाळू चाळायचे, दमट झालेले गोळे बोटांनी फोडायचे. त्यांचा हा नेम पावसाळ्यात चुकला नाही की तापात चुकला नाही. वाळूत काय काय निघायचं! पावत्या, गोळ्यांचे कागद, कुणाची पचकन टाकलेली पिंक.

“अहो, ही कचराकुंडी आहे का?” काकांनी एकदा एकाला हटकलं.

“मग काय देव्हारा आहे?” तो हसला.

“माझ्यासाठी आहे,” काका म्हणाले आणि पुन्हा चाळू लागले.

बारा वर्षांपूर्वी या नेमाचं फळ मिळालं. पेट्रोल भरताना एका मोटरसायकलनं पेट घेतला. काकांनी मला ओढलं, वाकून ज्वाळांच्या बुडाशी वाळू फेकली, मागून माझ्या बहिणी आल्या. आग विझली. लोकांनी काकांना खांद्यावर घेतलं, वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. पण तेव्हापासून काकांचा माझ्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसला. त्या विश्वासापायी पुढे त्यांचा जीव जाता जाता राहिला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

चार वर्षांपूर्वी पंपाच्या उजव्या अंगाला विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची यंत्रं आली. ती सांभाळायला आली काकांचीच लेक. विजेचं काम रीतसर शिकलेली, जिभेनं तिखट.

“तुझ्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाइल,” काका चिडवायचे.

“आणि तुमचं पेट्रोल म्हणजे तीर्थच की! घ्या पळीभर.”

एकदा मात्र ती गंभीर झाली. “बाबा, नीट ऐका. बॅटरी गाडीच्या तळाशी पेटीत बंद असते. ती आतल्या आत तापते. वाळू वरच राहणार, आग आतच राहणार. तिला तासन्‌तास पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं. आपण फक्त माणसं लांब न्यायची.”

“वाळूनं विझत नाही अशी आग अजून जन्माला यायची आहे.”

“आलीये बाबा. तुम्हालाच बातमी नाही.”

खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तिचा रागच आला होता.

मग ती दुपार आली. एक मास्तर गाडी चार्जिंगला लावून हात धुवायला गेले होते. मागच्या सीटवर त्यांची आई बसलेली. गुडघ्यांमुळे तिला उतरायचा कंटाळा. आदल्या दिवशी गाडीचा तळ दगडावर जोरात आपटला होता. ‘ओरखडा आहे, बघू नंतर,’ असं म्हणून मास्तरांनी ते सोडून दिलं होतं. गाडीखालून पांढरा धूर निघाला. फुसफुस आवाज आला, मग फटाफट दोन बार.

लेकीनं यंत्राचं लाल बटण दाबून वीज तोडली. आणि काकांनी काय केलं? मला उचललं आणि थेट धुराकडे धावले. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. कारण जवळ जाताच मला कळलं की ही माझी आग नाही. हिचं बूडच मला दिसत नव्हतं.

“बाबा, बादली टाका! आजींना घ्या!”

काका थबकले. दोन हात, त्यात मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीतल्या म्हातारीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भिरकावून दिलं. वाळू सांडली, मी गडगडत गटारापाशी गेले. बापलेकीनं आजींना बाहेर ओढलं आणि उचलून रस्त्यापलीकडे नेलं. ते पोचतात न पोचतात तोच गाडीच्या तळातून आगीचा लोळ आडवा सुटला. काका मघाशी जिथे थबकले होते, नेमका त्या जागेवरून तो गेला.

अग्निशमन दलानं दोन तास पाणी मारलं. जळकी गाडी उघड्या मैदानात, सगळ्यांपासून दूर नेऊन ठेवली. “ही पुन्हा पेटू शकते,” असं ते सांगून गेले, आणि दुसऱ्या सकाळी तिच्यातून खरोखरच पुन्हा धूर आला.

त्याच सकाळी मालक तणतणत आले. “काढून टाका ते चार्जिंग! आणि तुमच्या लेकीलाही घरी बसवा.”

काकांनी आयुष्यात मालकांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. “मालक, बारा वर्षांपूर्वी इथेच पेट्रोल पेटलं. तेव्हा तुम्ही पेट्रोल विकणं बंद केलंत? आपण शिकलो आणि सावध राहिलो. आता हिच्याकडून शिका. काल हिचं ऐकलं नसतं तर मी आज इथे उभा नसतो.”

मालकांनी चार्जिंगच्या यंत्रांभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, “बरं, राहू दे. पण निदान चार बादल्या त्या बाजूलाही टांगा. लोकांना बरं वाटेल.”

“नाही टांगणार,” काका म्हणाले. “बरं वाटेल म्हणूनच नाही. बादली दिसली की माझ्यासारखा एखादा धावेल.”

मित्रांनो, माझा याहून मोठा गौरव झाला नाही, वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हाही नाही. त्या बाजूला आता रिकामी जागा सोडली आहे, गाड्यांमध्ये अंतर ठेवलं आहे, अग्निशमन दलाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे आणि तळ आपटलेली गाडी लेक तपासल्याशिवाय चार्जिंगला लावूच देत नाही. मी माझ्या जागी, पेट्रोलच्या बाजूला आहे. तिथे आग लागली तर मी आजही मागे हटणार नाही.

पण मला शोभेसाठी कुठेही टांगू नका. खोटा धीर द्यायला मी जन्मले नाही. विजेच्या गाडीतून धूर दिसला तर लांब पळा, मोठ्यांना हाक मारा, अग्निशमन दलाला बोलवा. आणि तुमचं कुणी माणूस बादली घेऊन त्या धुराकडे निघालंच, तर लाजू नका, भिऊ नका. त्याचा हात धरा आणि सोडू नका.