मलपृष्ठासाठी चार ओळी

एखादं पुस्तक वाईट आहे असं छापून सांगायची आपल्याकडे सोय नाही. लेखक भेटतो, लेखकाचा मेहुणा भेटतो, कधी लेखकच आपल्या मुलीचा प्राध्यापक निघतो. म्हणून बावीस वर्षं रविवारच्या पुरवणीत परीक्षणं लिहिताना मी एक इंग्रजी विशेषण हाताशी ठेवलं. प्रोलिफिक. म्हणजे पुष्कळ लिहिणारा. कसं लिहिणारा, हे विशेषण सांगत नाही आणि लेखक विचारत नाही. ‘ढीगभर लिहितात’ म्हटलं असतं तर भांडणं झाली असती; ‘प्रोलिफिक’ म्हटल्यावर आभाराचे फोन येतात. ज्या कादंबरीकाराला आम्ही घरात शतकवीर म्हणतो, त्याला मी हा शब्द नऊ वेळा लावला. त्याने तो लेटरहेडवर छापून घेतला.

घरात म्हणजे मी आणि बायको. मला टायपिंग धड येत नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत सांगतो, ती टाइप करते. कुठल्याही पुस्तकाचं मी पहिलं प्रकरण वाचतो, शेवटचं वाचतो आणि मधे बोट घालून निघेल ते पान वाचतो, हे जगात फक्त तिला ठाऊक आहे. ‘प्रोलिफिक’पर्यंत आलो की ती मान वर न करता विचारायची, "पुढे ‘साहित्यात मोलाची भर’च ना?"

"तेच."

या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिने स्वतःच्या कथा लिहिल्या. वीस वर्षांत चौदा. एका प्रकाशकाला त्या आवडल्या, त्याने पुस्तक काढायचं ठरवलं आणि मलपृष्ठासाठी चार ओळी माझ्याकडे मागितल्या. "घरचेच आहात, परवापर्यंत द्या," म्हणाला.

तिने मुद्रितांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "हे मी टाइप करणार नाही. तुमचं तुम्ही लिहा. फक्त आधी सगळं वाचा. बऱ्या आहेत की नाहीत, मला खरंच कळत नाहीये."

इतक्या वर्षांत तिने माझं मत मागितल्याचं मला हे एवढंच आठवतं.

मी वाचणार होतोच. पण पहिल्या दिवशी परिसंवाद होता, दुसऱ्या दिवशी परिसंवादाचा शीण होता, आणि परवा सकाळी प्रकाशकाचा फोन आला. मी दोन बोटांनी दहा मिनिटांत चार ओळी बडवल्या आणि पाठवून दिल्या.

छापील नमुना आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी होती. तिने वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"प्रोलिफिक," ती म्हणाली.

"अगं, म्हणजे भरपूर—"

"अर्थ नका सांगू. टाइप करून करून माझी बोटं झिजलीत. वीस वर्षांत चौदा कथा. यात भरपूर काय आहे?"

मी मीठदाणी उगाच इकडची तिकडे सरकवली.

"किती वाचल्यात?"

"पहिली. आणि शेवटची."

"आणि बोट घातलं ते पान."

ती रडली असती, भांडली असती, तर मला निभावता आलं असतं. तिने धुतलेला कप पुन्हा धुतला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून चौदाही कथा वाचल्या. सगळ्या. सातवीत बिऱ्हाड हलतं आणि एक बाई ट्रकच्या मागे बसून वाटभर कपाटाचं दार हाताने दाबून धरते, उघडू नये म्हणून. आत काय आहे हे लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो.

"फार सुंदर आहेत गं."

"हे मागच्या महिन्यात त्या डॉक्टरांच्या कवितांना म्हणालात."

"मनाला भिडतात."

"शतकवीर. चौथी कादंबरी."

"अस्सल आहेत."

"तुमच्या संपादकांचं प्रवासवर्णन. ते विमानातून उतरलेच नव्हते तरी."

मग मी विशेषणं सोडून दिली आणि त्या कपाटवाल्या बाईबद्दल बोलायला लागलो. तिचा हात कसा बधिर होतो, ट्रक थांबल्यावरही तो तिला काढता कसा येत नाही. बायकोने गॅस बारीक करून सगळं ऐकून घेतलं. क्षणभर वाटलं, पोचलं.

"ते पुस्तकाच्या बरोबर मधे आहे," ती म्हणाली. "बोट तिथेही पडू शकतं."

"सगळ्या वाचल्या. शपथ."

"असेल."

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. तिनेच घेतला.

"हो, बघितला नमुना. त्या ओळी काढा. मागे नुसती किंमत असू दे... नाही, भांडण कसलं? ... हो, इथेच उभे आहेत."

मी हात पुढे केला.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली, "त्यांना काही सांगायचं नाहीये."