वाढलेलं हाड

अनसिंगच्या बाजारात बांगड्या भरणारी सकीना म्हणजे मी. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, अपशकुन होते. "वाढली" म्हणावं लागते. तीस वर्षं हेच बोलून जीभ तशीच वळते, तिले मी काय करू?

आता माही अक्कल पाहा. ओट्यावरून पाय सरकला, उजव्या हातावर पडली, मनगटात कट्टकन वाजलं. गावातल्या डॉक्टरनं इचारलं, काय झालं? मी म्हटलं, "हाड वाढलं वाटते." त्यानं मलम देलं आन् म्हणे, वयानं वाढतेच. आठ महिने मी ते मलम चोळत बसली. बांगडी भरणं म्हणजे सारं अंगठ्याचं काम, गिऱ्हाइकाचा पंजा दाबून बारीक करावा लागते. मी दाबायची आन् मीच कळवळायची. बाया दुसरीकडं जाऊ लागल्या.

त्यात नमराचं लग्न ठरलं. माही एकुलती एक पोरगी. अख्ख्या अनसिंगच्या नवरीपोरींले मी बांगड्या भरल्या, आन् माह्या पोरीले दुसरीनं भराव्या? सरळ सांगते, मले ते सहनच होत नव्हतं.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं एक्सरे काढला. अंगठ्याखालचं काजूएवढं हाड, मधातून दोन तुकडे.

"याला रक्त कमी मिळतं मावशी, म्हणून जुळलं नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा मध्ये बसवू, स्क्रू टाकू. पण आठ महिने काय केलंत?"

मी 'वाढलं' म्हटल्याचं आन् मलमाचं सांगतलं तशी बाई हसत सुटली. मलेही हसू आलं, अन् रडूही.

"अंगठा चालंन का?"

"बहुतेकांचा चालतो. नक्की तीन महिन्यांनी कळेल."

ऑपरेशन झालं, प्लास्टर बसलं. नमरा मले घास भरवे आन् वरून टोमणे मारे. तीन महिन्यांनी एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं. पण एक्सरेत जुळणं वेगळं आन् कामाले येणं वेगळं.

मेहंदीच्या दिवशी नमराले समोर बसवलं.

"अम्मी, दुखंन तुले. राहू दे."

"गप बस."

तिचा पंजा दाबला. मनगट ठणकलं, पण हटलं नाही. एक चढली, दुसरी चढली, डझनभर चढल्या. पोरगी मुसमुसू लागली.

"लागलं का, बेटा?"

"नाही. तुले जमलं नसतं तर मी रिकाम्या हातानंच सासरी जाणार होती. दुसरीकडून भरूनच घेणार नव्हती."

इतके दिवस पोटात ठेवलं मेलीनं. मी डोळे पुसले आन् म्हटलं, "आण तो दुसरा हात इकडं."